दुसरी भाषा कशावर रुजते?

दिवाळीच्या आगेमागे नीरेच्या कालव्याखालच्या मुलखात उसाचा हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ह्या कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणीच्या टोळ्या येऊन उतरतात. सांगवीसारख्या गावाच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात जातात, लेकरे मागे राहतात. पुष्कळ लेकरे उन्हातच हिंडतात, पण काही जवळच्या शाळेत येऊन बसतात. तसे बसण्याचा हक्क त्यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला आहे.

ह्या मुलांत काही बंजारा तांड्यांवरची असतात. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात. आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी म्हणतात. ही बोली वळणाने मराठीपेक्षा राजस्थानकडच्या भाषांना जवळची. असे एखादे सहा वर्षांचे मूल वर्गात येते. गुरुजी मायेने विचारतात, "काय रे बाळा, कोणत्या गावचा तू?" मूल बोलत नाही. दुसऱ्या दिवशीही बोलत नाही. पंधरा दिवस लोटले तरी गप्पच. मग मधल्या सुट्टीत चहा घेताना कोणीतरी सहज शेरा मारतो, "पोरगं जरा मठ्ठच आहे."

आज मला बोलायचे आहे ते ह्या शेऱ्याविषयी. कारण ते मूल मठ्ठ नाही. ते एक फार अवघड काम करीत आहे. ते दुसरी भाषा शिकत आहे. 'दुसरी भाषा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी उभी राहते. पण ह्या मुलाची दुसरी भाषा म्हणजे आपली मराठी. आणि गणितही तिच्यातच, गोष्टही तिच्यातच, रागावणेही तिच्यातच. जी स्थिती त्याची मराठीच्या वर्गात, तीच थोड्याफार फरकाने सांगवीच्या मुलाची इंग्रजीच्या तासाला असते. तेव्हा दुसरी भाषा शिकणे म्हणजे नेमके काय होते, हे आपण शांतपणे पाहिले पाहिजे.

प्रश्न फार जुना आहे. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत, आज ज्याला अल्जीरिया म्हणतात त्या देशात वाढलेल्या संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात लहानपणच्या दोन भाषांची हकीकत सांगितली आहे. लॅटिन ही त्याच्या भोवतालची भाषा. ती त्याला दायांच्या लाडाकोडात, हसण्याखेळण्यात आपोआप आली. ग्रीक ही शाळेतली भाषा. ती धाकाने आणि माराने शिकवली गेली, आणि तिचा त्याला असा तिटकारा बसला की होमरसारख्या कवीच्या गोड कथाही त्याला कडू लागल्या. त्यावरून त्याने म्हटले आहे की भाषा शिकण्याच्या कामी मोकळ्या जिज्ञासेचे बळ भीतीच्या बळापेक्षा मोठे असते. गंमत पाहा, हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. दुसऱ्या भाषेच्या तासाला हे दोन्ही अर्थ एकत्र नांदू लागले, की भाषा वर्गातून पाय काढते.

ह्याच ऑगस्टीनच्या हकीकतीपासून विसाव्या शतकातल्या एका मोठ्या तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाची सुरुवात केली. त्याचे नाव लुडविग विट्गेन्स्टाइन. केंब्रिजला प्राध्यापक होण्याआधी, १९२० ते १९२६ ह्या काळात, हा मनुष्य ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. खेड्यातल्या मुलांसाठी त्याने एक छोटा शब्दकोशही केला, तो १९२६ साली छापून निघाला. मास्तर म्हणून मात्र तो मारकुटा होता, आणि त्यापायीच त्याला ती नोकरी सोडावी लागली. विचार कितीही खोल असला तरी हात आवरावा लागतो, हा धडा आपण त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली, प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक मार्मिक गोष्ट दाखवली आहे. तो म्हणतो, ऑगस्टीनने पहिली भाषा शिकणाऱ्या बाळाचे जे वर्णन केले आहे, ते खरे तर परक्या मुलखात आलेल्या पाहुण्याचे वर्णन आहे. त्या पाहुण्याजवळ एक भाषा आधीच आहे, फक्त ती इथली नाही. पहिल्या भाषेच्या बाबतीत हे वर्णन चुकते, हे त्याचे म्हणणे. पण श्रोतेहो, आपल्या प्रश्नाला ते तंतोतंत लागू पडते. दुसरी भाषा शिकणारे मूल कोरी पाटी नसते. वस्तूला नाव असते, विचारले की उत्तर द्यायचे असते, काल आणि उद्या वेगळे असतात, विनंती वेगळी आणि हुकूम वेगळा, हे सारे त्याला ठाऊक असते. कोपीतल्या त्या मुलाला हे सगळे गोरमाटीत येते. म्हणजे भाषा ह्या गोष्टीचा मोठा भाग त्याने शाळेत येण्यापूर्वीच शिकून ठेवलेला आहे. आपण त्याला फक्त दुसऱ्या घराचा रस्ता दाखवायचा असतो.

हा रस्ता कोणता? त्याचे उत्तर आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार पूर्वी दिले आहे. मूल शब्दाचा अर्थ कसे शिकते, ह्याची चर्चा मीमांसक आणि नैयायिक करीत, तेव्हा ते एक साधे घरगुती उदाहरण घेत. वडीलधारा माणूस धाकट्याला म्हणतो, "गाय आण." धाकटा गाय आणतो. शेजारी बसलेले मूल पाहत असते. थोड्या वेळाने वडील म्हणतात, "गाय बांध." मग म्हणतात, "घोडा आण." एक शब्द तोच राहतो, एक बदलतो, त्याबरोबर कामही बदलते. पाहता पाहता मुलाला 'गाय' कळते आणि 'आण'ही कळते. ह्याला त्यांनी वृद्धव्यवहार असे नाव दिले. भाषा कामातून, माणसामाणसांतल्या व्यवहारातून कळते, असा त्याचा सरळ अर्थ. आणि वाक्यपदीय लिहिणाऱ्या भर्तृहरीने तर सांगितले की अर्थाचे मूळ एकक वाक्य हेच. शब्द हे समजावून सांगण्याच्या सोयीसाठी पाडलेले तुकडे. बांधकामावर नवा आलेला परप्रांतीय बिगारी गवंड्याची मराठी अशीच शिकतो. "पाटी दे", "पाणी मार", "वीट इकडं सरकव". त्याला कोणी व्याकरण सांगत नाही, पण महिन्याभरात तो चुकत नाही.

आता आपले तास पाहू. आपण मुलांना शब्दांच्या याद्या देतो. डॉग म्हणजे कुत्रा, काऊ म्हणजे गाय. मुले एका सुरात म्हणतात, ऐकायला बरे वाटते. पण त्या शब्दांनी वर्गात काही घडत नाही. खिडकी उघडत नाही, खडू हातात येत नाही, कोणी कोणाला हाक मारीत नाही. दहा वर्षे इंग्रजी शिकून आमच्या कॉलेजात येणारे पुष्कळ विद्यार्थी काळाचे बाराही प्रकार बिनचूक सांगतात, पण "सर, मला अर्धी सुट्टी हवी आहे" एवढे इंग्रजीत म्हणताना त्यांना घाम फुटतो. नियम सांगता येणे वेगळे, भाषा चालवता येणे वेगळे. पोहण्यावरचा धडा पाठ असला म्हणून नीरेच्या डोहात कोणी उडी टाकत नाही.

ह्याचा अर्थ व्याकरण नको, भाषांतर नको, असा मात्र कोणी करू नये. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी कमावली. त्या पद्धतीत एक मोठा गुण होता. ती मुलाच्या मराठीला पायाखालची जमीन मानीत होती. उणीव एवढीच की पुष्कळांचे इंग्रजी त्या पानांतच राहिले, तोंडावर आले नाही.

आता ही पायाखालची जमीन म्हणजे काय, ते आपल्या बारामतीच्याच उदाहरणावरून पाहू. कऱ्हेकाठी राहून ज्यांनी आपले बहुतेक काव्य लिहिले ते मोरोपंत (जन्म १७२९, मृत्यू १७९४) लहानपणी पन्हाळ्यावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये ह्यांच्यापाशी संस्कृत शिकले. संस्कृत ही त्यांची दुसरी भाषा. तिच्यात त्यांनी एवढी गती मिळवली की महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणले. दुसऱ्या भाषेतले धन त्यांनी पहिल्या भाषेच्या घरात आणून ठेवले. त्यांची मराठी संस्कृत शब्दांच्या भाराने वाकली, असा आक्षेप घेणारेही आहेत, आणि तो अगदीच खोटा नाही. पण वाकली तरी ती मराठीच राहिली, आणि बारामतीच्या श्रोत्यांपर्यंत पोचली.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचेही तसेच. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, हे वचन त्यांच्या नावावर सांगतात आणि इंग्रजी माध्यमाच्या जाहिरातीला ते वापरतात. पण शास्त्रीबोवांनी ते दूध पिऊन केले काय? १८७४ साली 'निबंधमाला' काढली, आणि ती मराठीत! आईच्या दुधावर अंग धरलेल्या माणसालाच वाघिणीचे दूध मानवते, एवढाच ह्याचा बोध.

उलट दिशेचाही एक दाखला देतो. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले. मराठी त्यांना सर्वस्वी परकी होती. ह्या मातीतल्या माणसांत राहून, त्यांची भाषा आणि त्यांच्या ओव्या ऐकून त्यांनी ती अशी आत्मसात केली की दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. परक्या भाषेतल्या माणसांविषयी आदर असला की ती भाषा प्रौढपणीही येते, हे त्यावरून दिसते.

दुसऱ्या भाषेचा आणखी एक लाभ आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. तिच्यामुळे पहिली भाषा नव्याने दिसते. आपण मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द वापरतो. इंग्रजीत दोन्हींना 'वी', हिंदीत दोन्हींना 'हम'. दारात पाहुणा उभा आहे. "आम्ही जेवायला बसतो" असे म्हटले तर पाहुणा उंबऱ्याबाहेर राहिला. "आपण जेवायला बसू" म्हटले तर तो आत आला. केवढा हा भेद! पण जन्मभर मराठी बोलणाऱ्याच्या तो ध्यानात येत नाही. 'वी' शिकताना अडखळणाऱ्या मुलाच्या मात्र ध्यानात येऊ शकतो, त्याचे गुरुजी जागे असतील तर.

चुकांचेही असेच आहे. "मला भूक लागली" ह्याचे इंग्रजी करताना एखादा मुलगा म्हणतो, "हंगर केम टू मी." वर्ग हसतो, गुरुजीही हसतात. पण त्या मुलाने काय केले ते पाहा. मराठीत भूक, ताप, राग, झोप ही आपल्याकडे येतात. आपण त्यांचे धनी नसतो. इंग्रजीत "आय ॲम हंग्री" म्हणणारा 'मी' पुढे उभा राहतो. मुलाने आपल्या भाषेची रीत परक्या भाषेत नेली, ही बुद्धीची खूण आहे. हसण्याऐवजी गुरुजींनी ह्या दोन रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या, तर तो मुलगा पुन्हा चुकणार नाही, आणि चुकला तरी भिणार नाही.

आता शेतकरी बांधवांना कळेल असा एक दृष्टांत देतो. आपल्या इंदापूर-बारामतीकडे द्राक्षबागा आहेत. चांगली जात थेट जमिनीत लावण्याऐवजी बागाईतदार आधी डॉगरिजसारख्या रानटी जातीचा खुंट लावतात. तो मुरला, खोल गेला, की मग त्यावर हव्या त्या जातीची काडी घेऊन पाचर कलम करतात. खारवट जमीन, पाण्याची ओढ, हे सारे तो खुंट सोसतो, आणि वर गोड घड लागतात. मुलाची घरची भाषा हा तो खुंट आहे. ती गावरान असो, गोरमाटी असो, 'आलोय-गेलोय'ची असो, सोसण्याची ताकद तिच्यात आहे. खुंट रोगट ठेवून वरचे कलम जोमदार होईल, अशी आशा कोणताही शेतकरी करणार नाही. शाळेच्या बाबतीत मात्र आपण ती करतो. फक्त इथे एक फरक ध्यानात ठेवावा. बागेत खुंटाला फुटलेले धुमारे काढून टाकतात. भाषेत ते काढायचे नसतात. इथे खुंटालाही फळे लागतात आणि कलमालाही.

हे नुसते कविकल्पनेचे नाही. युनेस्कोने १९५३ सालीच आपल्या अहवालात सांगितले की शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे त्यात म्हटले आहे. पुढे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स ह्यांनी परदेशातून आलेल्या मुलांचा अभ्यास करून दाखवले, की खेळाच्या मैदानावरची बोलाचाली मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, विचार करण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि पहिल्या भाषेत कमावलेली वाचण्याची, विचार करण्याची शक्ती दुसऱ्या भाषेत कामी येते. आता कोपीतल्या मुलाचा विचार करा. त्याला आपल्या शाळेत मिळतात जेमतेम पाच-सहा महिने. पंधरा दिवसांत त्याच्यावर शेरा मारणारे आपण कोण?

मग पालक विचारतील, "अहो, शहरातली पोरं पहिल्यापासून इंग्रजीत शिकतात, त्यांचं कुठं काय बिघडतं?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात आईबाप इंग्रजी बोलतात, इंग्रजी पुस्तके पडलेली असतात, शेजारीपाजारी, दुकानात, फोनवर इंग्रजी चालते, तिथे मुलाला तो वृद्धव्यवहार आयता मिळतो. आपल्या शिवारात तो नाही. इथे गाय इंग्रजीत कोणी आणीत नाही आणि बांधीतही नाही. सकाळी पिवळ्या बसमध्ये बसवून दिलेले पोर संध्याकाळी पाठ केलेल्या ओळी घेऊन परत येते, आणि त्या ओळींचा अर्थ विचारायला घरात कोणी नसते. त्यातून आईबाप धास्तीने त्याच्याशी मोडके इंग्रजी बोलू लागले, तर घरची भाषाही पातळ होते. ऊस विकून, कर्ज काढून फी भरावी, आणि हाती दोन्ही भाषा अर्ध्याच याव्यात, हे मोठे नुकसान आहे. इंग्रजी हवीच. पण ती चांगली शिकवलेली भाषा म्हणून हवी.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा आदेश निघाला, मोठा वाद झाला, आणि जूनअखेर ते आदेश मागे घेतले गेले. अशा वादांत कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, ह्यावर पुष्कळ बोलले जाते. कशी शिकवायची, आणि कशाच्या आधाराने, ह्यावर फार थोडे. तो अर्धा प्रश्न मुंबईत सुटणार नाही. तो वर्गातच सुटेल, आणि तो सोडवणारे शिक्षक तुम्ही आहात.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, गप्प मुलाला गप्प राहू द्या. ते ऐकत असते. बी पेरल्यावर रोज उकरून पाहायचे नसते. दुसरी, दिवसातून दहा मिनिटे तरी दुसऱ्या भाषेत काहीतरी खरे काम करा. खडू आणा, दार लावा, झाडांना पाणी घाला, आणि ते काम करता करता वाक्ये बोला. तिसरी, चूक झाली की आधी ती कुठल्या भाषेतून आली ते शोधा. आणि चौथी, मुलाच्या भाषेतले दहा शब्द तुम्ही स्वतः शिका. तुमचा उच्चार चुकेल, मूल हसेल. हसू द्या. ज्या दिवशी गुरुजी विद्यार्थी होतात, त्या दिवशी मुलाला कळते की भाषा शिकताना चुकणे ही लाजेची गोष्ट नाही.

शेवटी गोष्ट 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांचीच आहे. दुसऱ्या भाषेच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आपण कोणता शब्द ऐकवतो, त्यावर ते आत येणार की बाहेर राहणार, हे ठरते. ह्या हंगामात तुमच्या वर्गात असे एखादे गप्प लेकरू येऊन बसले, तर त्याला त्याचे नाव-गाव विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे करा, आणि त्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात, एवढेच विचारा.